दुसऱ्या डब्यातल्या फ्लॉप्या

आमच्या अपार्टमेंटचा वॉचमन सकाळी आंघोळीच्या पाण्याखाली पार्सलांचे खोके जाळतो. पुठ्ठ्याचा तो करपट, किंचित गोडसर धूर खिडकीतून आत आला की हातातला चहा तसाच राहतो. इतरांना ठसका लागत असेल. मला बेळगावच्या वडगावातल्या गल्ल्या आठवतात, आणि ज्यांना सगळं गाव नुसतं अण्णा म्हणे ते आठवतात. आठवतात म्हणणंही तसं लबाडीचंच. त्यांना विसरता येत नाही, एवढंच खरं.

अण्णा विणकराच्या घरातले. बेळगावात कंप्यूटर ही काचेच्या खोलीत, चप्पल बाहेर काढून बघायची वस्तू होती, त्या काळात त्यांनी सुटे भाग जमवून मागाच्या खोलीतच एक उभा केला. उघड्या पत्र्याचा, घरघरणारा, धूळ बसू नये म्हणून वर जुन्या लुगड्याचा तुकडा. मग यंत्र पोत्यात घालून आणि त्याचा पडदा गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन ते एसटीने चिकोडीला जायचे, सदलग्याला जायचे, निपाणीत विड्या वळणाऱ्या बायकांसमोर मांडायचे. बोलायला मराठीत सुरुवात करून कानडीत संपवायचे, पालुपद एकच, "ह्यो सायबाचा न्हाय, तुमचा हाय." हे यंत्र कचेऱ्यांत कोंडलं गेलं तर आपल्या माणसांना पुन्हा एकदा खिडकीबाहेर ताटकळावं लागेल, ही त्यांना खरीखुरी धास्ती होती. त्यापायी नोकरी गेली, लग्न राहिलं. त्यांना त्याचं कधी काही वाटलं नाही. मला मात्र आता वाटतं.

मी नुकतीच बीएस्सी होऊन त्यांच्याकडे कंप्यूटर शिकवायला लागले होते. मागावर साडीचा काठ उठतो तो भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेने. भोक असेल तिथे धागा वर उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो. अण्णा असा एक पुठ्ठा उजेडात धरायचे आणि म्हाताऱ्या विणकरांना सांगायचे, "भोक म्हंजे व्हय, न्हाईतर न्हाय. कंप्यूटर ह्याच्यापरीस लई शाना न्हाय. तुमी हे कवापासनं करतायसा." तेव्हा त्या चेहऱ्यांवर जे उजळायचं, ते नंतर मी कुठल्याही कॉन्फरन्सात पाहिलं नाही.

पण काठ म्हणजे घराची अब्रू. दारी पाहुणा आला की नक्षी कुणी उचलू नये म्हणून आधी पुठ्ठ्यांच्या माळेवर चादर पडे. ही सगळी नक्षी कंप्यूटरात एकत्र ठेवावी, ज्याला हवी त्याने न्यावी, हा अण्णांचा हट्ट. घरोघर उंबरे झिजवले, तेव्हा कुठे एका आक्कांनी ट्रंक उघडली. त्यांचे मालक, म्हणजे नवरा, तरुणपणीच गेले होते. मालकांनी स्वतः बांधलेल्या काठाचे पुठ्ठे त्या ट्रंकेत होते. मग बाकीची घरंही विरघळली. एकेक भोक बघत मी ते सारं फ्लॉप्यांवर उतरवलं. कंप्यूटरात गेलं ते आता कायमचं राहिलं, असं अण्णा सांगत, आणि लोकांनी ते इतकं खरं मानलं की वाळवी लागलेले, जागा अडवणारे पुठ्ठे त्यांनी न्हाणीच्या हंड्याखाली घातले. आक्कांनीही घातले. गल्लीत धूर झाला तेव्हा आम्ही हसलो होतो. अण्णा म्हणाले, "भरवसा म्हंत्यात तो ह्यो, बघ."

इकडचा पाऊस म्हणजे भिंतींनाही बुरशी. म्हणून पहिल्या पावसाआधीच फ्लॉप्यांची दुसरी प्रत काढून वेगळ्या डब्यात ठेवायची, हे काम माझं. तेवढ्यात मला पुण्याची नोकरी लागली. "जायच्या आदी दुसरा डबा भरून जा गं," अण्णा म्हणाले. मी नव्या फ्लॉप्या आणल्या, सुंदर अक्षरात घरोघरची नावं लिहून लेबलं चिकटवली. प्रती काढायला चार दिवस लागणार होते आणि गाडी दोन दिवसांवर आली होती. "झालं काय?" त्यांनी विचारलं. "झालं, अण्णा," मी म्हटलं.

दोन पावसाळ्यांनंतर मी दिवाळीला आले, तेव्हा आक्कांना मुलीच्या लग्नाच्या साडीला मालकांचा काठ हवा होता. पहिल्या डब्यातल्या फ्लॉप्या बुरशीने खाल्ल्या होत्या. मागाच्या खोलीत दहा-बारा माणसं उभी, आणि अण्णा दुसऱ्या डब्यातली एकेक फ्लॉपी घालून पाहताहेत. सगळ्या कोऱ्या. प्रत्येकीवर माझं अक्षर. मी दाराशी उभी होते. अण्णांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "माझी चूक. नक्कल काडायची ऱ्हाऊन गेली." माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर मी बोलले असते, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला बजावत आले. तेही खोटंच.

भांडण कुणी केलं नाही. फक्त अण्णांच्या नमस्काराला उत्तर येईनासं झालं, उरल्यासुरल्या माळांवर पुन्हा चादरी पडल्या, आणि सगळ्यांचं सगळ्यांना हे त्यांचं म्हणणं ऐकायला वडगावात कुणी उरलं नाही. ते एसटीने गावोगावच्या शाळांत जात राहिले. फोनवर "जेवलीस न्हवं?" एवढंच विचारायचे. तो विषय त्यांनी मरेपर्यंत काढला नाही, आणि मीही काढू दिला नाही.

गेल्या महिन्यात अण्णा गेले. मी आता बेळगावातच राहते, तरी आक्कांच्या घरी जायला मला तेरावा उलटावा लागला. त्या चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. लेबलं, कोऱ्या फ्लॉप्या, "झालं, अण्णा" हे शब्दसुद्धा. त्यांनी हातातलं चाक थांबवलं. मला वाटलं, आता काठाचं काढतील. त्या म्हणाल्या, "हे आदी सांगिटलं असतंस तर... दारावरनं तिरडी न्हेली गं त्येंची. मी कडी लावून आत बसलो."

इतकी वर्षं मी हरवलेल्या नक्षीचं दुःख करत होते. ते सोपं होतं. त्या बंद दाराचं काय करायचं, ते मला कुणी शिकवलेलं नाही, आणि ज्यांना विचारलं असतं ते आता नाहीत.