दत्तूकाकांची बिनशर्त माफी

स्मरणशक्तीबद्दल आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी उलटतपासणी घ्यायला नको. दिवस सोमवार होता की मंगळवार, दत्तूकाकांच्या गळ्यात हार दोन होते की तीन, यातलं काहीही मी शपथेवर सांगणार नाही. पण त्या दिवशी मी जो गाढवपणा केला, तो मात्र अक्षर न अक्षर आठवतो. असल्या गोष्टी विसरायची सोय देवाने ठेवलेलीच नाही हो!

संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहाचे दिवस होते. मी लालबागच्या चाळीत राहत होतो आणि कायद्याच्या पहिल्या वर्षाला होतो. शिक्षण मराठी शाळेतलं. वर्गात सगळे फाडफाड इंग्रजी बोलू लागले की मी मागच्या बाकावर सरकायचो. म्हणून एक वही केली होती. रोज दहा कायदेशीर इंग्रजी शब्द! अफोरसेड, हिअरइनआफ्टर, प्रायमा फेसी... नळाच्या रांगेत बादली धरून मी ते पुटपुटायचो. अर्थ कळायचा. वापरायचे कुठे, तेवढंच कळायचं नाही.

आणि मला ते कुठेतरी वापरायचेच होते!

दत्तूकाका आमचे शेजारी, गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम, मूळचे मालवणकडचे. त्या सकाळी ते सत्याग्रहाला निघाले. काकींनी ओवाळलं, चाळीने हार घातले, गॅलरीतून ‘झालाच पाहिजे’ची आरोळी उठली. नाक्यावर बावीस जणांनी जमावबंदी मोडली आणि पोलिसांनी त्यांना गाडीत घालून कोर्टात नेलं.

नाक्यावरून परत येऊन बघतो तर काकी उंबऱ्यात बसून डोळे पुसताहेत. माझ्यातला वकील जागा झाला.

“काकी, रडू नका. मी आहे ना!”

“तू काय करतलंस रे?”

“अर्ज!”

चार पानी अर्ज लिहिला. वहीतला एकही शब्द उपाशी ठेवला नाही. तरी शेवट लुळा वाटत होता. तेव्हा त्या आठवड्यातला सगळ्यात भारदस्त प्रयोग घातला: अर्जदार कोर्टापुढे ‘अनकंडिशनल अपॉलॉजी’ सादर करत आहे. वाटलं, कोर्टाशी नम्र असलेलं बरं. आता तुम्हीच सांगा, नम्रता हा काय गुन्हा आहे?

धावत कोर्टात गेलो. कारकुनाने अर्ज घेऊन पेपरवेटखाली सरकवला. मॅजिस्ट्रेटसाहेब इंग्रजीत नाकातून काहीतरी भरभर बोलले. मला ओ की ठो कळलं नाही. बावीस जणांना मागच्या बाकांवर बसवलं. संध्याकाळी साहेब उठले आणि हवालदार म्हणाला, “चला, निघा घरी.”

बावीसच्या बावीस सुटले! माझ्या एका अर्जावर! माझे पाय जमिनीला लागेनात.

चाळीत शिरताना काका गोंधळलेले होते. काखेत पंधरा दिवसांच्या कपड्यांचं बोचकं तसंच होतं. “अहो, तुरुंगात गेलेला माणूस जेवणाच्या वेळेला परत?” कुणीतरी वरून ओरडलं.

“मी सोडवलं!” मी छाती फुगवून म्हणालो.

“तू? वाच बघू अर्ज!”

कच्ची प्रत खिशात होतीच. जिन्याच्या पायरीवर उभा राहून वाचली. दर मोठ्या शब्दाला ‘वा वकीलसाहेब!’ येत होतं. शेवटच्या ओळीवर तर मी आवाज चढवला.

काकांनी हात वर केला. “थांब. त्या शेवटच्याचो अर्थ काय?”

“बिनशर्त माफी.”

गॅलरीतली डोकी एकेक करून आत गेली. सत्याग्रही मार खातो, तुरुंगात जातो, पण माफी? ती मागणाऱ्याच्या घरचं पाणीही लोक पीत नसत!

“माज्या नावान माफी?” काकांनी बोचकं पायरीवर आपटलं.

“हो. म्हणजे... सगळेच सुटले त्याअर्थी बहुधा सगळ्यांच्याच नावाने...”

“मेल्या!” काकी कडाडल्या. “वरळीच्या जावयाक आता खयच्या तोंडान सांगू? मी अभिमानान रडत होतंय रे!”

त्या रात्री काका जेवले नाहीत. सकाळी बोचकं उचलून थेट पोलीस चौकीवर. मागे मी, मान खाली घालून.

“हवालदारसाहेब, माका परत आत घेवा.”

“कशाबद्दल?”

“कालच्याच गुन्ह्याबद्दल.”

“काका, कालचा गुन्हा संपला. नवीन काहीतरी करून या.”

काका तडक नाक्यावरच्या नव्या तुकडीत शिरले. जाताना माझ्याकडे वळून म्हणाले, “ह्या खेपेक अर्ज लिवलंस तर हात मोडून ठेवीन!” त्यांनी घोषणा अशा दिल्या की पोलिसांनी पहिलं त्यांनाच उचललं. पंधरा दिवस मिळाले. काय तो आनंद! काकींनी चाळभर साखर वाटली. मलाही दिली, चिमूटभर.

सुटून आल्यावर काकांनी मला माफ केलं. बिनशर्त नव्हे हं! त्यांच्या घरात इंग्रजी शब्द काढायचा नाही, ही अट.

पुढे त्याच कोर्टात मी वकिली केली. पण तिथल्या पायऱ्या चढताना दरवेळी वाटायचं, आपण बावीस जणांच्या सत्याग्रहाला बट्टा लावला. बऱ्याच वर्षांनी जुने कागद नष्ट करायला काढले, तेव्हा ओळखीच्या कारकुनाला गळ घालून तो गठ्ठा शोधला. निकाल एका ओळीचा होता: सर्व आरोपींना कोर्ट उठेपर्यंत साधी कैद. म्हणजे मागच्या बाकावर बसून काका पहिल्याच दिवशी रीतसर शिक्षा भोगून आले होते! साहेब नाकातून बोलले होते ते हेच. आणि तो शब्दप्रयोग माझ्या वहीत नव्हता.

माझा अर्जही तिथेच होता, चारही पानं. वर लाल शाईत कारकुनाचा शेरा: ‘अर्जदाराची सही नाही. विचारात घेतला नाही.’