दारातलं खाकरणं

डॉक्टरांनी मला झोपवून बीपी पाहिलं, मग उभं करून पुन्हा पाहिलं. "आजी, तुम्हाला पोश्चरल हायपोटेन्शन आहे," ते म्हणाले. म्हणजे झटकन उभं राहिलं की रक्तदाब एकदम खाली येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस कोसळतो. माझ्या कपाळावरचे टाके त्यामुळेच, असं त्यांचं म्हणणं. बीपीची गोळी कमी केली आणि सावकाश उठायला सांगितलं.

मला काही ते पटलं नाही. माझा संशय रंजनावर होता.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मुलानं तिला माझी देखभाल करायला ठेवलं. तो आणि सून दोघंही वाळूजला कंपनीत, दिवसभर घरात आम्ही दोघीच. ती येण्याआधी मी कधी पडले नव्हते. ती आल्यावर दोनदा पडले, दोन्ही वेळा दुपारी, तिनं फरशी पुसल्यावर. एवढं कळायला डॉक्टर कशाला हवा? शिवाय तिला पाठवलं होतं याच दवाखान्यानं. एकाच माळेचे मणी, दुसरं काय!

"आजी, फरशी कोरडी व्हती. आईशप्पथ," ती रडकुंडीला येऊन सांगायची. मी मान फिरवायचे. मुलाला सांगून टाकलं, ही बाई नको. तो म्हणाला, दुसरी मिळेपर्यंत थांब.

त्या दिवशी तपासणी झाल्यावर डॉक्टर मुलाला बाजूला घेऊन काहीतरी बोलत होते. माझ्यापासून लपवतात म्हणजे काय? पडद्याआडून कान दिला. "आता पडल्या तर त्याच पायाला लागेल. मग परत चालणं अवघड आहे." चालता आलं नाही तर मी करू काय?

घरी आल्यावर मी पहारा सुरू केला. रंजनाला म्हटलं, आज फरशी पुसायचीच नाही. माझ्या डोळ्यांसमोर बस आणि वाटाणे सोल. मी पलंगावर आडवी होऊन तिच्यावर नजर ठेवली. आज कशी पाडते, बघतेच.

दुपारी दारात खाकरण्याचा आवाज आला.

माझे थोरले दीर, दादा, पलीकडच्या गल्लीत राहतात. ऑपरेशन झाल्यापासून रोज दुपारी खबरबात घ्यायला येतात. थोरल्या दिरासमोर आमच्यात बाई लोळत नाही, बसतसुद्धा नाही. पदर घेऊन उभी राहते. म्हणून तर पुरुषमाणूस दारात आधी खाकरतो. लग्न झाल्यापासून तो आवाज कानावर पडला की माझं अंग आपोआप उठतं.

तशीच उठले. पदर डोक्यावर गेला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. वाटाण्याचं ताट उडवून रंजनानं मला कवेत धरलं. खाली फरशी ठणठणीत कोरडी. चोर पकडायला बसले होते, सापडले मीच. आधी दोनदा पडले तेव्हाही हाच आवाज ऐकून उठले होते.

दादा दारातच थबकले. इतक्या वर्षांत ते माझ्याशी थेट बोललेले नव्हते. "तिला सांगा" म्हणून कुणाच्या तरी तोंडून बोलायचे. त्या दिवशी सरळ माझ्याकडं बघत म्हणाले, "बाई, बसा तुम्ही. उभं राहिल्यानं माझा मान वाढतो व्हय? तुम्ही पडल्या तर मी कुणाच्या घरी येऊ?"

मला रडूच आलं.

माझ्यासारख्या ज्या कुणी असाल, त्यांना सांगते. झोपेतून आधी उठून बसा, पाय खाली सोडा, जरा दम खा, मग कशाला तरी धरून उभ्या राहा. आणि कुणाच्या मानापायी आपण धडपडत उठतो, तेही आठवून डॉक्टरांना सांगा. त्यांच्या मशीनला ते दिसत नाही.

रंजनाला मी जाऊ दिलं नाही. तिनं पुसलेली फरशी मात्र अजून पायाच्या अंगठ्यानं चाचपते, स्वभावाला औषध नाही. ती हसते.

दादा अजून रोज दारात खाकरतात. पहिले काही दिवस बसून राहताना लाजेनं मान वर होत नव्हती. आता पदर सावरते आणि बसल्या जागेवरूनच म्हणते, "या दादा."