तात्यांच्या फळीवरची डिस्क

इंदापुरात एसटी स्टँडमागे तात्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. तिथं 'फॉरमॅट' हा शब्द काढलेला चालत नसे. एखादा पोरगा घाईत बोलून गेला, "तात्या, सरळ फॉरमॅट मारा की," तर तात्या त्याच्या कॉम्प्युटरची पेटी उचलून त्याच्याच हातात देत. "पुसायचंच हाय तर घरी फडकं न्हाय व्हय? हितं कशाला आणलंस?"

आमच्या घरात डिग्री घेतलेली मी पहिली, हे मी मुद्दाम सांगते. नरसिंहपूरहून रोज इंदापूरच्या कॉलेजला यायचे. शेवटच्या वर्षी, ऐन प्रोजेक्टच्या दिवसांत माझा कॉम्प्युटर उघडेना. काळ्या पडद्यावर एकच ओळ : अमुक सिस्टिम फाइल सापडत नाही. वडिलांनी पेटी पोत्यात गुंडाळून मोटारसायकलवरून आणली.

तात्यांनी आधी विचारलं, "आत काय हाय?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न.

"प्रोजेक्ट."

"आन् फोटो?"

"आजीचे आहेत."

"आजी हाय?"

"नाही."

"मग आधी आजी काढू. प्रोजेक्ट काय, तू परत लिहिशील."

डिस्क दुसऱ्या मशीनला जोडून त्यांनी आधी सगळं उतरवून घेतलं, मगच दुरुस्तीला हात घातला. हरवलेली फाइल ते नेटवरून कधीच घेत नसत. अगदी तसंच विंडोज असलेलं धडधाकट मशीन कुणाच्या घरी आहे, हे त्यांना तोंडपाठ. माझ्या मशीनची जोडी थेट पिंपळीच्या एका गुरुजींकडे निघाली. तात्या पेनड्राइव्ह खिशात घालून स्कूटरवर तिकडं निघाले.

"नेटवर फुकट मिळते की हो तात्या," वडील म्हणाले.

"फुकट कोण देतंय, ते आधी बघावं, पाव्हणं."

आणि शोधूनही नाही मिळाली, तर 'गेली' म्हणत नसत. "अजून सापडली न्हाय," एवढंच.

या सगळ्याचं कारण मला पुढं तात्यांच्या बायकोनं, काकींनी सांगितलं. त्यांची एकुलती मुलगी वक्तृत्व स्पर्धेत बोलायची. भाषणाची तयारी घरच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ऐकायची. अकरावीत डेंग्यूनं गेली. वर्षभरानं त्या कॉम्प्युटरलाही हीच फाइल सापडेना. तात्यांनी कुठल्याशा साइटवरून ती उतरवली आणि तिच्यासोबत आलेल्या व्हायरसनं आतलं सगळं कुलूपबंद केलं. किल्ली कुणा अनोळखी चोराकडं. ती डिस्क पोरीच्या ओढणीत गुंडाळून दुकानात देवाच्या फोटोशेजारी फळीवर ठेवलेली असे.

"नाव दिसतंय," काकी म्हणाल्या, "आवाज येत न्हाय."

तात्यांना पोटाचा कॅन्सर निघाला तेव्हा मी भेटायला गेले. अंगावर मांस उरलं नव्हतं. मला बघून हसले. "माझी बी कुठली तरी फाइल उडालीया. जोडीचं मशीनच मिळंना बघ." मला हसता आलं नाही. मग त्यांनी काकींकडून ओढणी मागून घेतली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "तू शिकलेली हायस. बघ. पर पुसू नको."

दिवाळीआधी ते गेले. दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

मी आज बारामतीत एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळते. डिस्क माझ्या कपाटात आहे. मला येतं ते सगळं करून पाहिलं, माझ्याहून जास्त जाणणाऱ्यांना विचारलं. ती उघडणार नाही. कुलूप घालणारेच केव्हाचे गायब झाले. किल्ली त्यांच्याबरोबर गेली. मी तोंडावर खरं बोलणारी बाई आहे, त्यावरून घरात बोलणीही खाते.

दर एकादशीला काकींचा फोन येतो. "उघडलं का गं?"

परवाही आला. डिस्क समोरच जोडलेली होती. पडद्यावर फायलींची नावं होती, 'भाषण', 'भाषण नवीन', 'भाषण शेवटचं'.

"अजून न्हाय, काकी."

"बरं," त्या म्हणाल्या. "पर पुसू नको."