धाकट्याची फॅट

चालताना छाती भरून येते म्हणून धाकट्या भावाचं रक्त तपासायला दिलं होतं. रिपोर्ट हातात आला आणि फॅटचे आकडे चढलेले बघून मी त्याची पाठ थोपटली. म्हणालो, "गड्या, म्हशीला लाजवलंस की."

गावच्या दूध सोसायटीत फॅट मोजण्यात माझं अर्धं आयुष्य गेलेलं. तिथं फॅट चढली की माणूस हसत घरी जातो, उतरली की मला शिव्या घालत. त्या साली पाऊसच नव्हता. जनावरं छावणीला, सोसायटीतले कॅन पालथे. चांगली फॅट बघायला डोळे आसुसले होते, म्हणून हरखलो असेन.

अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाई काही हसल्या नाहीत. कोलेस्टेरॉल दोन जातींचं, म्हणाल्या. एक रक्तवाहिनीत साचत जातं, ते वाईट. दुसरं ते साचलेलं उचलून नेतं, ते चांगलं. धाकट्याचं नेमकं वाईट चढलेलं आणि चांगलं उतरलेलं. हा तर वाळकी काडी, ह्याच्यात चरबी आली कुठून, असं मी विचारलं. अंगावर दिसलीच पाहिजे असं नाही, रक्तातून वारशानं येते, म्हणाल्या. मग वडील कशानं गेले ते विचारलं.

वडील ऐन चाळिशीत, बांधावर बसल्या जागी गेले. चुलतेही तसेच. कुणाला सेवा करायला लावली नाही, पुण्यवान घराणं, असं गाव म्हणायचं आणि आम्हीही जरा ताठ चालायचो. त्या पुण्याईत बाईंनी धाकट्याची तंबाखू आणि वाढलेलं बीपी मिळवलं. रोज गोळी, तंबाखू बंद, हृदयाची तपासणी होईपर्यंत जड काम बंद. ऊसतोडीला गेलास तर वडलांच्याच वाटेनं जाशील, असं त्यांनी तोंडावर सांगितलं.

धाकट्यानं मान डोलावून सगळं ऐकलं. घरी आल्यावर मला म्हणाला, "दादा, अर्धा कोयता कुणी नेत असतंय व्हय?"

तोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. तो थांबला तर तिलाही टोळीत जागा नाही, आणि इथं रानात करायला काही नाही. मी बाईंचं बोलणं पुन्हा समजावू लागलो, तर चांगलं कुठलं नि वाईट कुठलं यात माझीच गफलत झाली. ती त्यानं दुरुस्त केली. त्याला सगळं पाठ होतं. सोसायटीत चिकटवावं म्हटलं, तर तिथं मीच रिकाम्या कॅनवर बसून होतो.

दसरा झाला आणि टोळीचा ट्रॅक्टर आला. चढताना त्यानं खिशातून गोळ्या काढून दाखवल्या, वर मलाच तब्येतीला जप म्हणाला. गोळ्यांमागं तंबाखूची पुडी होती. ती त्यानं दाखवली नाही, मला दिसली.

ट्रॅक्टरची धूळ बसल्यावर मी बायकोला म्हणालो, गोळ्या तरी नेल्यात.

ती म्हणाली, "धाकली म्हणत व्हती, ह्यास्नी नुसतं तोडू देईन, मोळ्या समद्या मीच वाहीन. तिच्या छातीचं कुणी इचारलंय का?"