त्या सालचे डबे

तीन म्हातारे दर रविवारी चार वाजता एका खोलीत जमले, की गाडी कमी चालते आणि किस्सेच जास्त साठतात. आमच्याकडे इतके साठलेत, की ते भरायला एक वेगळा डबा लावावा लागेल. पूर्वी एकमेकांनाच सांगायचो. आता ऐकायला तुम्ही आहात, म्हणून तुम्हाला सांगतो.

मी कराडचा, हायस्कूलमधला रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर. बायको गेल्यावर मी हॉलमधल्या कॉटवर झोपायला लागलो आणि आतल्या डबल बेडवर प्लायवूड टाकून एक छोटं रेल्वे स्टेशन उभं केलं. खेळणं म्हणू नका, मॉडेल म्हणा! जोडीला दोघं. अण्णा पलूसकडचे, मालगाडीचे रिटायर्ड गार्ड. सुभेदार कडेगावचे, फौजेतून रिटायर झालेले. अण्णांनी पहिल्याच दिवशी मॉडेलचं साल ठरवून टाकलं: आणीबाणी उठली त्याच्या पुढचं. त्या साली ते नवेनवे गार्ड झाले होते. नियम एकच. त्या साली आपल्या लाइनवर धावलेला डबाच रुळावर चढेल, आणि तो आम्हा तिघांपैकी एकाने तरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला पाहिजे.

*

माझ्या मुलाने पुण्याहून एक डबा ऑनलाइन मागवून पाठवला. लांबलचक, वर निळा कंटेनर, काय त्याची चमक! मी हौसेने रुळावर ठेवला.

अण्णांनी तो उचलला, उलटा केला, चाकं बघितली आणि माझ्या हातात परत दिला. "मास्तर, हे बाळ अजून जल्मलंच न्हाई!"

डबा खोक्यात गेला. मुलाने फोनवर विचारलं, "बाबा, कसा पळतो?" मी म्हटलं, "एक नंबर." तेवढंच ऐकून त्याने फोन ठेवला. त्याला मीटिंग होती.

*

सुभेदारांचा जीव मळीच्या टँकरवर. साखर कारखान्याची मळी वाहून नेणारा गोल काळा डबा. त्यांनी डालड्याच्या जुन्या डब्याचा पत्रा कापून तो स्वतः बनवला होता. अण्णा म्हणायचे, त्या साली तो या लाइनवर नव्हता.

"म्या बगितलाय!" सुभेदार.

"त्या साली तुमी कुटं होता?"

"लडाखला. सुट्टीला आलतो तवा बगितला."

अडचण अशी, की सुभेदार कुठल्याही डब्याला हीच साक्ष द्यायचे. अण्णांनी एक दिवस वहीच काढली. "सुभेदार, तुमच्या साक्षी धरल्या तर त्या एका सालात तुमी अकरा येळा सुट्टीला आलाय. फौजेत व्हता का सासुरवाडीला?"

सुभेदार आठवडाभर रुसले. रविवारी चार वाजता मात्र हजर! टँकर रुळावर न चढता खिडकीतच राहिला.

*

मी एकदा गुळाचा डबा रंगवला. अण्णा म्हणाले, "लय सोवळा दिसतोय." घरी घेऊन गेले. चुलीची काजळी, शेतातली माती, सगळं चोळून आणलं. डबा असा झाला, की वाटावं आत्ताच मिरजेहून आलाय.

पण अण्णांचं समाधान तिथे होईना. गुळाच्या डब्याला गुळाचा वास पाहिजे, म्हणून त्यांनी आतून खरा गूळ फासला!

पुढच्या रविवारी दार उघडलं, तर खिडकीपासून प्लॅटफॉर्मपर्यंत मुंग्यांची रांग. मी झाडू आणायला धावलो, तर सुभेदार आडवे आले. "थांबा मास्तर, हमाल हाईत ते. माल उतरवू द्या की!"

त्या दिवशी आम्ही इतके हसलो, की शेजारीण बघायला आली. या घरात असा आवाज तिने बऱ्याच दिवसांनी ऐकला होता.

*

सगळ्यात मागचा गार्डचा डबा अण्णांनी चहाच्या खोक्याच्या फळ्यांतून बनवला. आत इवलीशी खुर्ची, मागे लाल दिवा. माणूस मात्र बसवला नाही. मी बाहुली आणली, तर म्हणाले, "तितं मी हाय की."

मी विचारलं, "मालगाडीत कंटाळा यायचा का हो?"

"पुढं इंजनात तिगं असायची. मागं मी एकला. वळण आलं की डबं मोजायचो. सगळं असलं की बरं वाटायचं."

तेव्हापासून आणखी एक नियम झाला. अण्णांनी हिरवा झेंडा दाखवल्याशिवाय गाडी सुटायची नाही. झेंडा म्हणजे त्यांच्या बायकोच्या ब्लाउजपीसचा तुकडा.

*

गेल्या वर्षी सुभेदार गेले. झोपेतच. पुढच्या रविवारी आम्ही दोघंच होतो. अण्णा उठले, खिडकीतला मळीचा टँकर पुसला आणि गाडीत जोडला.

नियम तो नियम, म्हणून मी विचारलं, "साक्षीदार?"

"म्या बगितलाय."

"कधी?"

"सुट्टीला आलतो तवा," अण्णा म्हणाले आणि झेंडा दाखवला.

*

मग अण्णांना त्यांच्या मुलाने बंगळुरूला नेलं. गुडघे गेले होते, एकट्याने राहणं जमेना. झेंडा त्यांच्या पिशवीत गेला आणि इथे गाडी थांबली. चार महिने मी दर रविवारी चहा करायचो, एकच कप, आणि उभ्या गाडीकडे बघत बसायचो. खरं सांगतो, फार एकटं वाटायचं.

शेवटी मी एक पळवाट काढली. सालच बदलायचं! हल्ली कितीतरी मालगाड्यांना मागे गार्डचा डबा नसतो, नुसता एक दिव्याचा बॉक्स असतो. म्हणजे झेंडाही नको. मी मुलाकडून आणखी पाच कंटेनर मागवले, ते खोक्यातलं बाळही बाहेर काढलं, गाडी जोडली आणि अण्णांना व्हिडिओ कॉल लावला.

"अण्णा, बघा. यंदाचं साल!"

गाडी सुटली. अण्णा फोनला नाक लावून बघत होते.

"मास्तर, मागं कोन हाय?"

"कोणी नाही. आता लागत नाही."

अण्णांनी नाक फोनपासून मागे घेतलं. मग म्हणाले, "थांबवा गाडी. मी येस्तवर हलवू नगा."

मी कंटेनर उतरवले. जुनी गाडी लावली.

आता दर रविवारी चार वाजता फोन येतो.

"मास्तर, उबी हाय न्हवं?"

"उभी आहे."

"मोजा."

मी मोठ्याने मोजतो. एक, दोन, तीन. नववा गुळाचा. दहावा सुभेदारांचा.

"आन् अकरावा?"

"अकरावा तुमचा, अण्णा. दिवा लावलाय."

"हां. बरं वाटलं," म्हणतात, आणि फोन ठेवतात.