विन्सी अंकलचा रविवारचा रेडिओ

काल ठाण्यात एका कामासाठी रिक्षाने चाललेले. रिक्षावाल्याने एफएम लावलेला... कुठल्याशा गावात म्हैस सरळ बँकेत शिरल्याची बातमी, त्यावर दोन फालतू जोक आणि लगेच एका आश्रमासाठी चादरी द्या म्हणून आवाहन. रिक्षावाला खदाखदा हसत होता आणि मागे माझे डोळे भरून आलेले. आरशात त्याला मी वेडीच दिसले असणार.

काय करू... असा रेडिओ आमच्याकडेही होता. एफएम यायच्या कितीतरी आधी, कल्याणला, आमच्या चाळीत.

तळमजल्यावरचे विन्सी अंकल लग्नाकार्याला मांडव आणि माइक-स्पीकर भाड्याने द्यायचे. रविवारी चर्चमधून आले की कपडेही न बदलता माइक काढायचे, भोंगा अंगणाकडे वळवायचे आणि सुरू. "हॅलो, हॅलो... झोपलेल्यांनी उठा, उठलेल्यांनी चहा ठेवा!"

आधी पेपरातल्या चक्रम बातम्या. बोकडाने नवरदेवाचा फेटा खाल्ला, चोर चोरी करायला गेला आणि तिथेच झोपला... मग चाळीचं हवामान. "नळाला पाणी येण्याची शक्यता कमी, भांडणाची शक्यता जास्त." आदल्या दिवशी नळावर भांडलेल्या बायकाही गॅलरीत उभ्या राहून हसायच्या.

आणि शेवटी अंकलचा आवाज खाली यायचा. "आता आपलं काम. आपल्यातल्या एका घराला हात द्यायचाय. कोणाला, ते विचारायचं नाय."

याची एक पद्धत होती. अंकलची बायको रोझी आंटी मांडवाच्या जुन्या कापडातून पिशव्या शिवायची... सगळ्यांना अगदी एकसारख्या. दुपारपर्यंत प्रत्येक घराने जमेल ते पिशवीत घालून, तोंड बांधून त्यांच्या खोलीत ठेवायचं.

संध्याकाळी प्रत्येक घराने आंटी हातात देईल ती बांधलेली पिशवी परत न्यायची. सगळ्यांच्या पिशवीत आंटीने रद्दी ठासून भरलेली, फक्त एका घराच्या पिशवीत सामान. घेणारं घर कुठलं, हे अंगणात उभं राहून कुणाच्या बापाला कळायचं नाही. मी आपली घरी आलेल्या रद्दीतले हिरो-हिरॉइनचे फोटो कापून ठेवायचे.

मी सहावीत असताना बाबांची कंपनी बंद पडली. चाळीला कळू नये म्हणून बाबा रोज डबा घेऊन निघायचे आणि दिवसभर कुठेतरी बसून संध्याकाळी परत यायचे. आमची आई म्हणजे शेजारी विरजण मागायलाही लाजणारी... चहा कोरा झाला, भाजी बंद झाली, पण दाराबाहेर एक शब्द गेला नाही.

त्यातच एका रविवारी अंकलनी आवाहन केलं. आईने डब्यातली उरलीसुरली तूरडाळ काढली, मोरपंखी ब्लाउजपीसच्या तुकड्यात बांधली आणि पिशवीत घातली. मी बघतच राहिले. पण द्यायलाच हवं होतं... नाहीतर लोकांना संशय आला असता ना.

संध्याकाळी पिशवी मीच घेऊन आले. आई ती पलंगाखाली सरकवायला गेली आणि हाताला रद्दीपेक्षा वेगळंच काही लागलं म्हणून थबकली. गाठ सोडली तर आत तांदूळ, तेल, साखर, माझ्या मापाचे शाळेचे बूट... आणि सगळ्यात वर मोरपंखी कापडात तिचीच तूरडाळ.

आई आधी पांढरी पडली, मग भडकली. "आत्ताच्या आत्ता परत देऊन येते." पिशवी उचलून ती तावातावाने दारापर्यंत गेली.

बाहेर सगळी चाळ पिशव्या घेऊन घरी परतत होती. अंकलच्या खोलीकडे उलटी जाणारी पिशवी एकटी तिचीच दिसली असती... आणि जे लपवायचं तेच चव्हाट्यावर आलं असतं. आई दार लावून तिथेच खाली बसली आणि पदर तोंडात धरून रडली. बाबांनी मान वर केली नाही.

आठवडाभर तिने त्या तांदळाला हात लावला नाही. घरात भाकरी आणि मिठातली मिरची. मी जुनेच बूट घालून अंकलच्या दारावरून शाळेत जायचे. मला बुटांचं काही पडलेलं नव्हतं... आई आता कधीच नीट बोलणार नाही, याचीच भीती वाटायची.

पुढच्या रविवारी भोंगा पुन्हा खरखरला. "खास बातमी! काही मंडळींचा रद्दी परत करायचा विचार असल्याचं समजतं. तरी कळवण्यात येतं की गेलेली रद्दी परत घेतली जाणार नाय. खोलीत जागा नाय, रोझी मलाच बाहेर काढेल!"

सगळी चाळ हसली. ज्याला त्याला आपल्या घरातली रद्दीच आठवली असणार.

आणि आई... आधी ओठ घट्ट मिटून उभी होती, मग खुदकन हसली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. तशीच आत गेली आणि तांदूळ निवडायला घेतले. त्या दुपारचा वरणभात मी मरेपर्यंत विसरणार नाही. सोमवारी बाबा डबा न घेता, उघडपणे काम शोधायला बाहेर पडले.

पुढे मला नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन अंकल-आंटीकडे गेलेले. अंकल कुठल्याशा लग्नाचा मांडव घालायला गेलेले, आंटी एकटीच होती. म्हटलं, आंटी, त्या पिशवीबद्दल थँक्यू म्हणायचं राहिलंच.

आंटीने पेढा तोंडात टाकला, जरा आठवल्यासारखं केलं. "कुठली पिशवी गं बाय? तुमच्याकडे तर नेहमी रद्दीच गेली."

माझं थँक्यू तिने घेतलंच नाही... म्हणून आज इथे लिहिलं.