टेकडीवरून, ओव्हर

हौशी बिनतारी रेडिओचा परवाना मिळाल्यानंतर कितीतरी महिने मी रेडिओवर बोलले ते फक्त हवापाण्याबद्दल. सोलापूरच्या कुणाला तरी विचारायचं, "तिकडं ऊन कसंय?" त्यानं सांगायचं, "कडक." मग मी म्हणायचे, "इकडंही कडक." एवढं बोलणं झालं तरी मी दिवसभर खुशीत असायचे. केजच्या शाळेत मी विज्ञान शिकवत होते. पोलिसांच्या वायरलेसमधून निवृत्त झालेले एक काका आमच्या शेजारी राहायचे. हौशी रेडिओचा नाद त्यांनीच मला लावला, परीक्षेला बसवलं, गच्चीवर अँटेना चढवून दिली. स्टाफरूममध्ये सहकारी विचारायचे, "मॅडम, खिशात मोबाइल असताना हा खटाटोप कशाला?" मजा येते, एवढंच खरं होतं.

त्या वर्षी दुष्काळ होता. बोअर कोरड्या पडल्या होत्या, गावोगावी टँकर फिरत होते. आसपासच्या दूध संस्थांनी एकत्र येऊन युसूफ वडगावच्या शिवारात जनावरांची छावणी उभी केली. तिला चारा मिळावा म्हणून बीडच्या काही सायकलवाल्यांनी ठरवलं, की बीडहून युसूफ वडगावपर्यंत सायकलवर जायचं आणि प्रत्येक स्वाराच्या ओळखीपाळखीच्या लोकांनी छावणीला कडबा पाठवायचा. डॉक्टर, वकील, दुकानदार, प्राध्यापक, सगळ्यांनी नावं दिली. अडचण एकच होती. केजच्या अलीकडच्या डोंगराळ पट्ट्यात मोबाइलची रेंज मिळत नव्हती. तिथं कुणी पडलं तर कळणार कसं?

बैठकीत काका उठून उभे राहिले. "आम्ही रेडिओवाले कळवू," म्हणाले.

'आम्ही' म्हणजे ते, मी आणि फोटो स्टुडिओ चालवणारे एक भाऊ. तालुक्यात परवानेवाले एवढेच.

दूध संघानं केजच्या दूध शीतकरण केंद्रातली एक खोली काकांना दिली. लाइट गेली तरी तिथं जनरेटर होता आणि उंच टाकीवर अँटेना बांधता येत होती. ते झालं आमचं कंट्रोल. स्टुडिओवाले भाऊ हातातला सेट घेऊन मोटारसायकलवर शेवटच्या स्वाराच्या मागं राहणार होते. त्यांचा आवाज डोंगराआडून केंद्रापर्यंत पोचत नव्हता, म्हणून मधल्या टेकडीवर मी बसायचं, त्यांचं ऐकायचं आणि काकांना सांगायचं. आदल्या रात्री मला झोप लागली नाही. बॅटरी भरली का, हे मी उठून उठून बघत होते.

सकाळी टेकडी चढले, बांबूला अँटेना बांधली, बटण दाबलं. "कंट्रोल, टेकडीवरून बोलतेय, ओव्हर." ओव्हर म्हणजे माझं संपलं, आता तुम्ही बोला.

"टेकडी, आवाज घंटेसारखा येतोय," काका म्हणाले. मला एकटीलाच हसू फुटलं.

टेकडीवर मी एकटी मात्र नव्हते. शेळ्या घेऊन आलेली एक बाई जरा लांब थांबून माझ्याकडं बघत होती. शेवटी जवळ आली. "बाई, कामून बसल्या हितं उन्हात? कुनासंग बोलायल्या?"

मी तिला सायकली, छावणी, रेडिओ, सगळं सांगितलं.

"तार न्हाई, काई न्हाई, अन् आवाज केजला जातोय?"

"जातो."

"मग माज्या लेकीला सांगा ना. तिला केजलाच दिलीय." आम्ही दोघी मोठ्यानं हसलो.

थोड्या वेळानं सायकली आल्या. खाली काळ्या रस्त्यावर रंगीत टोप्यांची रांग वळण घेत होती. भाऊ स्वारांचे नंबर सांगायचे, मी ते काकांना कळवायचे. एका स्वाराचा हात मोडला होता, त्याला घेऊन सोबतची एकच ॲम्ब्युलन्स बीडला परत गेल्याचं काकांनी कळवलं. तोवर सगळं आटोक्यात होतं. ऊन मात्र चढत चाललं होतं.

मग भाऊंचा आवाज आला आणि तो बदललेला होता. "टेकडी, टेकडी. वकीलसाहेब पडलेत. रस्त्याखालच्या मोरीजवळ. अंग तापलंय, घाम नाही, काहीबाही बडबडायलेत. आमच्याकडचं पाणी संपलं. ओव्हर."

वकीलसाहेब म्हणजे बीडचे एक धिप्पाड, हसतमुख गृहस्थ. घाट चढताना गाणं म्हणणारे. माझं बोट बटणावरच होतं. मी एकेक शब्द सुटा करून काकांना सांगितला. मग काका म्हणाले, "ॲम्ब्युलन्स यायला वेळ लागेल. संघाची दुधाची गाडी इथं उभी आहे, यंदा दूधच कुठंय! कॅनमध्ये बर्फाचं पाणी भरून पाठवतो. तोवर त्यांना सावलीत घ्या, अंग ओलं करा."

अंग ओलं करायचं कशानं? मी भाऊंना निरोप दिला आणि वळून बघितलं तर शेळ्यावाल्या बाईनं पाण्याची कळशी डोक्यावर घेतली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"शेळ्यांचं काय?" मी विचारलं.

"शेळ्या सांजच्याला पितील. तुमी हितंच राहा, तुमचं बोलनं तुटू देऊ नका," म्हणत ती उतरणीला लागली. पायाखाली मुरूम घसरत होता, पण कळशी हलत नव्हती. खाली पोचून तिनं पदर भिजवला आणि वकीलसाहेबांच्या मानेवर, छातीवर फिरवायला लागली. भाऊ टोपीनं वारा घालत होते. मला वरून सगळं दिसत होतं.

आणि मला दुधाची गाडीही दिसली. केजकडून धूळ उडवत आली, फाट्यावर क्षणभर थांबली आणि जुन्या रस्त्याला वळली! मोरी नव्या रस्त्यावर होती. ड्रायव्हरकडं रेडिओ नव्हता. मी किंचाळलेच. "भाऊ, गाडी जुन्या रस्त्यानं चाललीय! पांढरी गाडी! मोटारसायकल काढा, फाट्यावरून डावीकडं! वकीलसाहेबांना बाईंजवळ सोडा!"

ओव्हर म्हणायचं राहूनच गेलं. पण मोटारसायकल सुटली. एक लहान ठिपका, पुढं एक मोठा ठिपका, मध्ये धूळ. मी टाचा उंचावून बघत होते. लहान ठिपका मोठ्याच्या बाजूनं पुढं गेला. मोठा थांबला. वळला. मी टेकडीवर टाळ्या पिटल्या. ऐकायला शेळ्या होत्या फक्त.

गाडी मोरीपाशी आली. कॅन उपडे झाले, बर्फाचं पाणी वकीलसाहेबांच्या अंगावर ओतलं गेलं. त्यांना उचलून गाडीत ठेवलं. काकांनी केंद्रातल्या फोनवरून केजच्या दवाखान्यात कळवून ठेवलं होतं, दारातच माणसं स्ट्रेचर घेऊन उभी होती म्हणे. मग वाट बघणं आलं. बॅटरी वाचवायची म्हणून मी विचारत नव्हते.

बाई परत वर आली. कळशी रिकामी, पदर अजून ओला. माझ्याजवळ बसली. "काई कळालं का?"

तेवढ्यात सेट खरखरला. "टेकडी, वकीलसाहेब शुद्धीवर आलेत. सायकल कुठंय म्हणून विचारतायत. ओव्हर."

बाईनं माझा दंड घट्ट धरला. "लई ब्येस झालं!" मी बटण दाबून म्हटलं, "समजलं, काका. ओव्हर."

ॲम्ब्युलन्स परत येऊन शेवटचे स्वार पुढं गेल्यावर आम्ही टेकडीवरून उतरलो. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी पायथ्याशी माझ्यासाठी ठेवलेल्या जारमधलं सगळं पाणी मी शेळ्यांना घातलं. बाईनं आधी नको म्हणून बघितलं, मग घमेलं पुढं केलं. युसूफ वडगावला पोचले तेव्हा छावणीत कडब्याचे ट्रॅक्टर यायला लागले होते. दूध संस्थेच्या बायकांनी मला गराडा घातला, भाकरी-पिठलं पुढं ठेवलं आणि आधी रेडिओ दाखवायला लावला. दोघींना तो चालवायला शिकायचा होता. "बारावी झालीय आमची. जमंल का?" एकीनं विचारलं.

"रविवारी घरी या," मी म्हणाले.

त्या खरंच आल्या, येताना तिसरीला घेऊन.